चाकांवरचं घर घेताना

मी कविता लिहितो, त्यामुळे मी कवितेबद्दलच बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मी बोलणार आहे एका जुन्या ट्रेलरबद्दल. तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे अमेरिकेत आहेत. त्यांच्यातलं कुणी ना कुणी कधीतरी फोनवर सांगेल की, "आम्ही एक सेकंडहँड फिफ्थ व्हील घेतोय." तेव्हा "छान, छान" म्हणून फोन ठेवू नका. दोन-चार प्रश्न विचारा. ते प्रश्न कोणते, एवढंच मला आज सांगायचं आहे.

माझा भाचा ओहायो राज्यात नोकरी करतो. 2023 च्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी तीन महिने त्याच्याकडे होतो. त्याला दोन लहान मुलं. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत राष्ट्रीय उद्यानांतून, तळ्याकाठी, जंगलात मुक्काम करत हिंडायची फार हौस असते. हॉटेलं परवडत नाहीत आणि लहान मुलांना घेऊन तंबूत राहणं जमत नाही. म्हणून लोक चाकांवरचं घर घेतात. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग सगळं असतं. भाच्याने आठ वर्षं पैसे साठवले होते. "मामू, तुम्ही आलात की आपण मिळून बघायला जाऊ," असं तो वर्षभर म्हणत होता.

आधी हे फिफ्थ व्हील म्हणजे काय ते सांगतो. शब्दशः अर्थ पाचवं चाक. पण मोजायला गेलात तर पाचवं चाक सापडत नाही. जुन्या घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं लोखंडी कडं असायचं. त्याच्यावर पुढची चाकं डावी-उजवीकडे वळायची. गाडीला चार चाकं उभी आणि हे एक आडवं, म्हणून ते पाचवं. पुढे मोटारी आल्या तेव्हा ट्रक आणि ट्रेलर जोडायच्या गोल तबकडीला तेच नाव मिळालं. आपल्या हायवेवर लांबलचक ट्रेलर दिसतात, त्यांच्या पुढच्या भागाला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. त्या घोड्याच्या पाठीवर ट्रेलर टेकतो तो अशाच तबकडीवर. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी 1920 च्या दशकात राहण्याच्या ट्रेलरसाठी ही कल्पना वापरली होती. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात. फिफ्थ व्हीलचं पुढचं नाक मात्र पिकअप ट्रकच्या हौद्यात येऊन बसतं. तिथल्या जबड्यात ट्रेलरचा जाड खिळा अडकतो, त्याला किंगपिन म्हणतात. वजन ट्रकच्या मागच्या आसावर येतं, म्हणून ट्रेलर कमी डुलतो आणि वळणावर बरा चालतो. हौद्यावर आलेल्या त्या उंच भागात बहुधा निजायची खोली असते.

अमेरिकेतल्या अशा बहुतेक गाड्या इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट शहराच्या आसपास तयार होतात. करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं बंद पडली तेव्हा लोक चाकांवरच्या घरांकडे वळले. 2021 या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या. तोवरचा तो विक्रम होता. नंतर लोक आपापल्या कामावर परतले, पेट्रोल महागलं, व्याजाचे दर चढले, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या पुन्हा विक्रीला आल्या. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिची किंमत चांगलीच उतरते. त्यामुळे जुनी घेणं शहाणपणाचंच आहे. मात्र ती बघता आली पाहिजे.

आम्हाला बघता येत नव्हती. आता ती गोष्ट सांगतो.

इंडियानातल्या एका खेड्यात 2014 सालचं एक फिफ्थ व्हील विकायचं होतं. किंमत चोवीस हजार डॉलर. आम्ही पहाटे निघालो आणि दहाच्या सुमाराला पोचलो. मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. एकटेच राहत होते. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्यांनी आम्हाला कॉफी दिली, मुलांना बिस्किटं दिली आणि मग दार उघडून दिलं.

आत गेल्यावर मी हरखूनच गेलो. खिडक्यांना त्यांच्या पत्नीने स्वतः शिवलेले निळ्या फुलांचे पडदे होते. सगळं झाडून-पुसून लख्ख. बटण दाबलं की एक भिंतच्या भिंत बाहेर सरकायची आणि बैठकीची खोली दुप्पट व्हायची. या सरकत्या भागाला तिकडे स्लाइड-आउट म्हणतात. मी एका खिडकीशी बसलो, बाहेर मक्याचं शेत दिसत होतं. मी भाच्याला म्हटलं, "बेटा, घेऊन टाक. असं घर पुन्हा मिळायचं नाही." भाच्याचा हात खिशाकडे गेलाच होता. पाचशे डॉलर विसार द्यायचा असं ठरलंही होतं.

तेवढ्यात माझी भाचेसून त्या सरकत्या भागाच्या कोपऱ्यात उभी होती ती तिथेच पाय आपटू लागली. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील. ती म्हणाली, "मामू, इकडे या. इथे उभे राहा." मी उभा राहिलो. पायाखालची जमीन ओल्या पुठ्ठ्यासारखी दबत होती. तिने पलंगाच्या खालचं कपाट उघडून आत डोकं घातलं. भिंतीच्या कडेला लाकडावर काळसर डाग होता आणि कुबट वास येत होता. तो वास मला अनोळखी नव्हता. मी कोकणातला, चिपळूणच्या बाजूचा. घर गळत असलं की पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना जो वास येतो, तोच हा.

मग भाचा शिडीवरून वर गेला. अशा गाडीच्या छपराची रचना साधी असते. खाली प्लायवुड, त्याच्यावर रबरासारखा पातळ पापुद्रा चिकटवलेला. हा पापुद्रा बरीच वर्षं टिकतो. गळतात ते सांधे. जिथे जिथे छपराला भोक पाडलेलं असतं, म्हणजे हवा जायच्या झडपा, एसी, न्हाणीघरावरची काच, आणि पुढच्या गोल तोंडाशी छप्पर मिळतं ती कड, तिथे सगळीकडे सीलंट भरलेलं असतं. ऊन आणि बर्फ यांनी त्या सीलंटला तडे जातात. म्हणून वर्षातून निदान दोनदा वर चढून ते तपासायचं, तडा दिसला की साफ करून पुन्हा भरायचं. आमच्या गावी मृगाच्या आधी घर शाकारतात, कौलं परततात, तसंच हे काम. एक वर्ष चुकलं तरी पाणी आपली वाट शोधतं. ते आत येतं छपराच्या पुढच्या कडेतून, भिंतीच्या पोटातून खाली उतरतं आणि दिसतं भलत्याच कोपऱ्यात. तोवर आतली लाकडी चौकट कुजलेली असते. कधीकधी बाहेरच्या फायबरच्या पत्र्याला फुगे येतात. म्हणजे भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले. ते दुरुस्त करायला हजारो डॉलर लागतात आणि पुष्कळदा दुरुस्ती परवडतच नाही.

भाचा खाली उतरला. पुढच्या कडेला बोट जाईल एवढी फट होती. आता हे त्या गृहस्थांना सांगायचं कसं? त्यांची कॉफी आम्ही प्यायलो होतो. पण भाचेसुनेने सरळ, शांतपणे सांगितलं. त्यांना कोपऱ्यात नेऊन उभं केलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मी शिडीवरून पडलो. तेव्हापासून वर गेलो नाही." त्यांनी काही लपवलं नव्हतं. आत ते रोज झाडत होते, पडदे धुऊन लावत होते. वर कुणी गेलंच नव्हतं.

आम्ही ट्रेलर घेतला नाही. ते म्हणाले, "यापुढे जो कुणी बघायला येईल त्याला मी आधी तो कोपरा दाखवेन." परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मला माझीच लाज वाटत होती. मी पडदे बघून भाच्याची आठ वर्षांची कमाई घालवायला निघालो होतो.

तेव्हा श्रोतेहो, पहिली गोष्ट ही. चाकांवरचं घर आधी वरून बघायचं, मग खालून, मग बाहेरून, आणि आतून सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला जावं. प्रत्येक कोपऱ्यात पाय दाबून चालावं, विशेषतः न्हाणीघर, दाराचा उंबरा आणि सरकत्या भागाचे कोपरे. कपाटं उघडून वास घ्यावा. ओल मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते भिंतींना लावून बघावं. आत नुकताच रंग दिलेला असेल किंवा सुगंधी द्रव्याचा फवारा मारलेला असेल तर जास्तच जपून.

दुसरी गोष्ट वजनाची. ही तर जिवाशी गाठ.

घरी आल्यावर भाच्याने आपल्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. चौकटीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन या गाडीत चालेल, ते त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्याच्या ट्रकला तो आकडा होता 1,700 पौंड, म्हणजे साधारण 770 किलो. ट्रक विकणाऱ्याने मात्र त्याला सांगितलं होतं की, ही गाडी अकरा हजार पौंड सहज ओढते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. फिफ्थ व्हील हौद्यात येऊन बसतं, त्यामुळे त्याच्या भरलेल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो.

आम्ही कागद घेऊन बसलो. त्या ट्रेलरवरच्या पाटीप्रमाणे रिकाम्याचं वजन 9,800 पौंड होतं आणि भरून जास्तीत जास्त 12,500. पाणी, भांडीकुंडी, कपडे, गॅस, खुर्च्या धरून बारा हजार तरी होणारच. नुसतं पाणीच एका गॅलनला आठ पौंडांच्या वर भरतं. बारा हजारांचे बावीस टक्के धरले तर सुमारे 2,600 पौंड. हौद्यात बसवायच्या त्या लोखंडी जोडणीचं वजन 180. घरची चार माणसं 550. बेरीज झाली 3,330. आणि ट्रकची ताकद 1,700! जवळजवळ दुप्पट. म्हणजे त्या गृहस्थांचा ट्रेलर धडधाकट असता तर आम्ही तो जोडून तसेच निघालो असतो. मागची चाकं दबलेली, ब्रेक तापलेले, आणि मागच्या सीटवर दोन मुलं. भाचेसुनेने तो कागद कितीतरी वेळ हातातून सोडला नाही.

म्हणून आपल्या माणसाला हा प्रश्न जरूर विचारा. "तुझ्या ट्रकच्या दारावरचा आकडा किती?" विकणारे बहुधा ट्रेलरचं रिकाम्याचं वजन सांगतात, आणि रिकामा ट्रेलर घेऊन कुणी सहलीला जात नाही. हिशेब पाटीवरच्या जास्तीत जास्त वजनाचा करावा. तिकडे हायवेवर ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात, तिथे थोड्या पैशांत ट्रक आणि ट्रेलरच्या प्रत्येक आसाचं वजन करून मिळतं. ट्रकचा हौदा आखूड असला तर वळताना ट्रेलरचं नाक ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर आदळू शकतं. त्यासाठी मागे सरकणारी खास जोडणी लागते. मोठ्या ट्रेलरसाठी काही राज्यांत वेगळ्या वर्गाचं लायसन्सही लागतं. आणि हे घर बारा-तेरा फूट उंच असतं. आपली उंची पाठ नसेल तर जुन्या पुलाखाली छपरावरचा एसी गमवावा लागतो.

आता खालच्या बाजूला येऊ. टायर बघताना लोक नक्षी बघतात. नक्षी छान असते, कारण ट्रेलर वर्षातले दहा-अकरा महिने उभाच असतो. पण उभ्या उभ्या रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला एक क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचावेत. 3116 असं असेल तर तो टायर 2016 सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेला. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदलायचे, आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा. एका बाजूचे टायर जास्त झिजले असतील तर आस वाकलेला असू शकतो. खाली वाकून पाटे, त्यांचे बुश, जोडाचे बोल्ट बघावेत. किंगपिनच्या वरचा लोखंडी सांगाडा आणि त्याचं वेल्डिंग टॉर्च लावून बघावं. तिथे तडा दिसला किंवा तडा झाकायला नवा रंग फासलेला दिसला तर पुढे काहीच बघू नये, घरी जावं.

ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. शिवाय एक बारीक तार ट्रकला बांधलेली असते. चालता चालता जोडणी सुटलीच तर ती तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पण त्यासाठी ट्रेलरची बॅटरी जिवंत हवी. तार ओढून ते खरंच लागतात का, हे उभ्या जागी करून बघता येतं.

मग आतल्या गोष्टी. मालकाला आदल्या रात्रीच फोन करून फ्रीज चालू ठेवायला सांगावं. यातले बरेचसे जुने फ्रीज गॅसवरही चालतात आणि विजेवरही, पण ते थंड व्हायला कित्येक तास घेतात. आपण गेल्यावर बटण दाबून दिवा लागला, एवढ्याने काही कळत नाही. आत अमोनियाचा उग्र वास आला तर तो फ्रीज संपला. पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची आणि एक संडासाची. स्वच्छ टाकी भरायला लावावी, पंप चालू करून सगळे नळ सोडावेत आणि सिंकखाली हात घालून बघावं. थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी नळांतलं पाणी काढून त्यात न गोठणारं द्रव्य भरावं लागतं. ते राहिलं तर पाणी गोठून नळ फुटतात, आणि नळांत पाणी नसताना ट्रेलर बघितला तर ते कळत नाही. गरम पाण्याची टाकी, शेगडी, हीटर, एसी यांतलं प्रत्येक चालवून बघायचं. सरकता भाग पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत, निदान दोनदा. गॅसगळती, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी छोटी यंत्रं आत असतात. त्यांनाही आयुष्य असतं, त्यांच्यावरची तारीख बघावी. बंद खोलीत मुलं निजणार असतात.

शेवटी कागदपत्रं. आमच्या चिपळूणने 2005 चा पूर बघितला, 2021 च्या जुलैतला बघितला. पुरात बुडालेल्या गाडीचं पुढे काय होतं हे आम्हाला कुणी सांगायला नको. धुऊन-पुसून ती कुठल्यातरी दूरच्या गावी विकली जाते. अमेरिकेतही मोठी वादळं झाली की हेच होतं. तिकडे मालकीच्या कागदाला 'टायटल' म्हणतात. पुरात किंवा अपघातात निकामी ठरलेल्या गाडीच्या टायटलवर तसा शेरा असतो, पण गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन तो पुसायचा प्रयत्न होतो. म्हणून सतरा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकावरून तिचा इतिहास काढून घ्यावा. तो क्रमांक सांगाड्यावर आणि कागदावर एकच आहे ना हे बघावं. गाडीवर बँकेचं कर्ज बाकी नाही ना, हेही. सरकारच्या वाहतूक सुरक्षा विभागाकडे हाच क्रमांक दिला तर कारखान्याने काही दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या का, ते फुकट कळतं.

इथे एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. 2005 साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्यांसाठी सरकारने लाखाच्या वर ट्रेलर आणि तयार घरं घाईघाईने आणली. ती फिफ्थ व्हील नव्हती, बहुतेक साधे ट्रेलर होते. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, मुलांना खोकला सुटला. 2007 च्या अखेरीपासून सरकारच्या आरोग्य संस्थेने अशी 519 घरं तपासली. स्वस्त प्लायवुड आणि गोंद यांतून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचं प्रमाण पुष्कळ घरांत नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं. पुढे हे ट्रेलर लिलावात विकले गेले. 'राहण्यासाठी वापरू नये' अशी चिठ्ठी त्यांना लावलेली होती. काही विकणाऱ्यांनी ती चिठ्ठी काढून टाकली आणि गरीब माणसं पुन्हा त्यांतच राहायला गेली. त्यानंतर अमेरिकेत लाकडी पाट्यांतल्या या वायूवर मर्यादा घालणारा कायदा 2010 साली झाला. पण धडा कायम आहे. स्वस्तात मिळालेली वस्तू स्वस्त का आहे, ते विचारावं.

हे सगळं स्वतःला जमणार नसेल तर तिकडे अशा गाड्यांची तपासणी करणारे शिकलेले, प्रमाणपत्र मिळवलेले तपासनीस असतात. ते काहीशे डॉलर घेतात, मोठ्या गाडीला हजाराच्याही वर जातात. भाच्याला तो खर्च आधी जड वाटला. भाचेसून म्हणाली, "चोवीस हजार घालवायला तयार होतो, तेव्हा जड वाटलं नाही?" तपासनीस मात्र आपणच निवडावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

पुढे काय झालं ते सांगतो. भाच्याने आधी ट्रक बदलला. नव्या ट्रकच्या दारावरचा आकडा 3,800 पौंड होता. मग आणखी तीन ट्रेलर बघितले. एकाचे टायर दहा वर्षांचे होते आणि मालक किंमत कमी करायला तयार नव्हता. एकाच्या सांगाड्यावर नवा रंग होता. चौथा मात्र तपासनिसाने पास केला. त्याचे पडदे मळके होते आणि एका खुर्चीचा पाय मोडलेला होता. पण छपरावर काम केल्याच्या तारखा मालकाने सहा वर्षं वहीत लिहून ठेवल्या होत्या. भाच्याने ती वही ट्रेलरबरोबर मागून घेतली.

परत येण्यापूर्वी आम्ही सगळे त्या घरातून मिशिगन राज्यात एका तळ्याकाठी दोन रात्री राहून आलो. दुसऱ्या रात्री खूप पाऊस झाला. मध्यरात्री जाग आली तर भाचा टॉर्च घेऊन एकेका कोपऱ्यात गुडघे टेकून हात फिरवत होता. मी विचारलं, "काय रे?" म्हणाला, "कोरडं आहे, मामू. तुम्ही झोपा." मुलं गाढ झोपली होती.

आता मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून दोनदा मी त्याला इथून फोन करतो. इकडच्या-तिकडच्या गप्पा होतात, आणि फोन ठेवण्यापूर्वी मी एकच गोष्ट विचारतो. "छपरावर चढलास का?" तुमच्या माणसांनाही विचारा. आणि जमलं तर शिडी धरायला कुणाला तरी उभं कर, असंही सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)